मोज्यातली तिसरी बाटली

वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस आमच्या घरी आजोबांचे शिकारीचे मोजे कोणी चिमट्यानेसुद्धा उचलत नाही. उरलेल्या एका दिवशी मात्र ते जेवणाच्या मोठ्या टेबलावर मधोमध उभे असतात आणि घरातली तीन मोठी माणसं त्यांच्याभोवती देवळात बसल्यासारखी बसतात.

मोज्यांच्या आत बाटल्या असतात, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या घराण्याबद्दल तुमचा भलताच समज व्हायचा.

तो दिवस म्हणजे मिश्रणाचा दिवस. आमची लाल वाइन एका द्राक्षाची नसते, तीन द्राक्षांची असते. बाबाच्या मळ्यात ग्रनाश आहे, ऊबदार, गोडसर आणि थोडं लाडावलेलं. सोलांजआत्याच्या मळ्यात सिरा आहे, काळंशार, करारी, मिरपुडीसारखं झोंबणारं, म्हणजे थोडक्यात आत्याच. आणि खाली कोपऱ्यात आजोबांचं थोडंसं मूरवेद्र आहे, जे सगळ्यात उशिरा पिकतं आणि कोणाचं ऐकत नाही. तिघं हिवाळाभर आपापल्या टाकीत बसतात आणि फेब्रुवारीत ठरतं की कोण किती मिसळायचं. रोन नदीच्या या काठावर सगळ्याच घरांत हे होतं. पण आमच्या रोशब्रास्क गावात असं म्हणतात की आमच्या घरचं मिश्रण ठरलं की ते शेजाऱ्यांना आपोआप कळतं, कारण ओरडणं थांबतं.

बाबाचं म्हणणं, दहातले सात भाग ग्रनाशचे हवेत. आत्याचं म्हणणं, सात भाग ग्रनाश घातलं तर त्याला वाइन म्हणू नये, खोकल्याचं औषध म्हणावं. मग दोघांची मिश्रणं दोन बाटल्यांत भरायची, बाटल्यांवर मोजे चढवायचे आणि कुठली कोणाची ते न कळता चाखायचं. प्रत्येकाकडे स्वतःचं एक जुनं बूच असतं. ज्याला जी बाटली पटेल तिच्यापुढे त्याने बूच ठेवायचं. दोन बुचं जिकडे, तिकडे त्या वर्षीची वाइन. बाबा आणि आत्या एकमेकांची मतं खाऊन टाकतात, त्यामुळे खरा निकाल आजोबांच्या बुचावर लागतो.

आता गंमत. बाटल्या दोन नसतात, तीन असतात. तिसरी म्हणजे सापळा! त्यात रश्श्यात ओतायची, सुपरमार्केटातली, सगळ्यात स्वस्त वाइन असते. ज्याने सापळ्यापुढे बूच ठेवलं त्याचं त्या वर्षीचं मत गेलं, आणि दुपारच्या जेवणाचे बटाटे त्याने सोलायचे. हा नियम आजोबांच्या वडिलांनी केला. त्यांना माणसं ओळखता येत होती, असं माझं मत आहे.

आणि मी? मी गारांस, वय सोळा, सप्टेंबरपासून वर्गाची प्रतिनिधी (एकोणतीस मतांपैकी एकवीस, उगाच सांगतेय असं नाही), आणि गेली पाच वर्षं मोजे चढवणारी. कुठल्या मोज्यात काय आहे ते फक्त मला माहीत असतं. मला ग्लास ओतता येतात, हुंगता येतात, पण घोट घ्यायचा नाही. आईचा कायदा आहे: अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त नाक. आणि चाखणं चालू असताना मोजेवालीने एक शब्दही बोलायचा नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच आहे, पण बोललं तर सगळं रद्द.

तर त्या शनिवारी सकाळी आठला मी मोजे घ्यायला तळघरात गेले. आजोबा टाक्यांच्या मागे उभे होते आणि त्यांचं नाक व्हिनेगरच्या बाटलीच्या तोंडात होतं.

"आजोबा! काय करताय?"

त्यांनी दचकून बाटली मागे लपवली. मग लक्षात आलं की मीच आहे, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला.

"काही येत नाही गं," ते म्हणाले. खरं तर ते "काही येत दाही गं" असं म्हणाले, कारण त्यांना प्रचंड सर्दी झाली होती. यापुढे त्यांचं बोलणं मी सरळच लिहिते, नाहीतर मिश्रणाआधी तुम्हीच दमाल. "कालपासून नाक चोंदलंय. व्हिनेगरचा वास येत नाही. कांदा फोडून बघितला. कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन आलो, पोरी. खुराड्यात! काही नाही."

"मग आत्याला सांगा, पुढच्या शनिवारी करू म्हणून."

"तिला सांगू?" आजोबांनी मला खाली बसवलं. "ती वर्षभर फाब्रेगचं नाव जपतेय."

फाब्रेग साहेब म्हणजे आत्याने शोधलेले वाइनचे तज्ज्ञ. पांढरा कोट घालतात आणि वाइनला 'उत्पादन' म्हणतात. आत्याचं म्हणणं असं की आजोबा एकोणऐंशीचे झाले, वयाने नाक जातं, तर त्यांचं बूच आता फाब्रेग साहेबांना द्यावं. बाबा यावर काही बोलत नाही. बाबा आत्याला घाबरतो.

"आज मी सापळ्यावर बूच ठेवलं, की संपलं," आजोबा म्हणाले. "पासष्ट वर्षांत मी एकदाही बटाटा सोललेला नाही. आज सोलला तर तो एका दिवसाचा बटाटा नसेल. ती म्हणेल, बाबांचं नाक गेलं. मग पुढच्या वर्षी मी कुठे बसू? रेडिओपाशी?"

ते इतके बारीक दिसत होते की मला रडूच आलं असतं, पण मी प्रतिनिधी आहे, आणि प्रतिनिधी आधी तोडगा काढते.

"मी तुमच्या शेजारी उभी राहून ओतते ना? सापळ्याचा ग्लास तुमच्यापुढे आला की मी टेबलाखालून तुमच्या बुटावर तीनदा टकटक करीन. बोलायचं नाही, असा नियम आहे. पायांबद्दल नियम नाही."

आजोबा पासष्ट वर्षांत पहिल्यांदा लबाडी करत होते. त्यांनी खूप विचार केला. साधारण चार सेकंद.

"तीनदा," ते म्हणाले. "जोरात कर. बूट जाड आहेत."

अकराच्या ठोक्याला सगळे बसले. सकाळपासून कोणी कॉफी प्यायलं नव्हतं, दात नुसत्या पाण्याने घासले होते, आदल्या रात्री लसूण बंद. आत्याने मला जवळ ओढून माझे केस हुंगले.

"शँपू?"

"नाही गं आत्या, परवापासून नाही."

"कळतंय," आत्या म्हणाली.

बाहेर मिस्त्राल वारा असा सुटला होता की दारं-खिडक्या घट्ट लावाव्या लागल्या. शेगडी धडधडत होती. आजोबा तिच्याजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले, कोट न काढता, कारण सर्दीने थंडी वाजत होती. टेबलाखाली पिस्तू झोपला होता. पिस्तू आमचा कुत्रा, दिसायला पायपुसणं. सकाळीच आजोबांबरोबर ओकच्या झाडांत भटकून आला होता, त्यामुळे तो झोपलेलाच राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं. थुंकायची बादली मध्ये ठेवली. मी मोजे उभे केले: एक नंबर बाबाची, दोन नंबर आत्याची, तीन नंबर सापळा.

"बाबा, बरे आहात ना?" आत्याने आजोबांना विचारलं. "काही बोलत नाही आहात."

आजोबांनी म आणि न नसलेले शब्द आधीच शोधून ठेवले होते. "छे," ते म्हणाले. "ठीक. ओत."

मी एक नंबर ओतला. तिघांनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला, गालांत खळखळवला, बादलीत थुंकला. आजोबांनी सगळं अगदी झोकात केलं. आणि अचानक त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी काहीच केलं नव्हतं! मी खांदे उडवले. त्यांनी एक नंबरकडे बघून गंभीरपणे मान हलवली, जणू काही 'कळलं' म्हणत होते.

काय कळलं?

दोन नंबर ओतला. पुन्हा तेच. आजोबांची भुवई वर, नजर माझ्यावर, या वेळी जरा चिडून. मी ग्लास पुसायचं फडकं मुद्दाम पाडलं आणि वाकून टेबलाखाली बघितलं.

पिस्तू अजिबात झोपला नव्हता. तो आजोबांच्या बुटावर पुढचा पंजा मारत होता. टक टक टक. थांबायचा, वर बघायचा, पुन्हा टक टक टक.

आमच्या पिस्तूला पंजा मारायला एकच गोष्ट शिकवली आहे. ओकच्या मुळाशी मातीत ट्रफल, म्हणजे ती उग्र वासाची, सोन्याच्या भावाची बुरशी, असलं की तो तिथे पंजा मारतो, मग त्याला चीजचा तुकडा मिळतो. पण जेवणघराच्या फरशीखाली ट्रफल कुठून येणार? मला वाटलं, म्हातारा झाला बिचारा. या घरात सध्या सगळ्यांचीच नाकं गेली.

मी त्याला पायाने बाजूला सारलं आणि उठून तीन नंबर ओतला. मग खऱ्या तीन टकटका दिल्या, टाच रोवून. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेचं भाषांतर करायचं तर, 'तिन्ही सापळे आहेत का, गाढवे?'

मी मान हलवायच्या बेतात होते, तेवढ्यात आत्याचा आवाज आला.

"अगं बाई."

आत्या असं कधी म्हणत नाही. तिचं नाक ग्लासात अर्धं बुडालं होतं.

"तियेरी," ती बाबाला म्हणाली, "तीन नंबर घे."

बाबाने हुंगलं आणि डोळे मिटले. "ताई... हे काय आहे?"

"ओलं जंगल," आत्या म्हणाली.

"पाऊस पडून गेल्यावरचा पाला."

"आणि खाली, अगदी तळाला..."

"ट्रफल!" दोघं एकदम म्हणाले.

लिहून ठेवा. माझ्या जन्मापासून ही दोघं एकदम एकच शब्द बोललेली मी ऐकली नव्हती. बाबाचे डोळे भरून आले. "बावीस वर्षं झाली मला या धंद्यात, पण असं ट्रफल!" आत्याने चक्क त्याच्या हातावर हात ठेवला. सुपरमार्केटातल्या रश्श्याच्या वाइनवरून!

मीही हुंगलं. आणि खरंच, ट्रफल होतं! मला घाम फुटला. मी बाटली चुकीची भरली की काय? मग मी, कोणाचं लक्ष नाही बघून, दोन नंबरचा उरलेला ग्लास हुंगला. ट्रफल. पाण्याचा जग हुंगला. ट्रफल. रिकामी प्लेट हुंगली. ट्रफल! वास वाइनला नव्हताच, वास खोलीला होता. शेगडीच्या बाजूने येत होता आणि मिनिटागणिक वाढत होता.

ओरडावंसं वाटत होतं. पण मोजेवालीने तोंड उघडायचं नाही, आणि उघडलंच तर आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: हा वास बाबांना का आला नाही? मी ओठ दाताखाली दाबून धरले आणि आजोबांच्या बुटावर नाचायला लागले. तीन, सहा, नऊ, मोजदाद नाही. पिस्तूनेही दुसऱ्या बुटावर साथ दिली.

आत्याने बूच उचललं आणि तीन नंबरपुढे ठेवलं. बाबाने त्याच्या शेजारी ठेवलं. मग दोघांनी आजोबांकडे पाहिलं. शेवटचं बूच नेहमी त्यांचं.

आजोबांचे दोन्ही पाय बडवले जात होते, तिन्ही बाटल्या त्यांच्या हिशोबाने सापळे होत्या, आणि समोर त्यांची दोन मुलं आयुष्यात पहिल्यांदा एकमत होऊन हसत होती. त्यांनी मुलांवर विश्वास ठेवला. बापाने याहून वेगळं काय करावं, तुम्हीच सांगा.

तीन बुचं, तीन नंबरपुढे.

"काढ मोजा, गारांस," बाबा म्हणाला, आवाज अगदी भरून आलेला.

मी मोजा काढला. स्क्रूच्या झाकणाची बाटली. लेबलवर कोंबडा आणि खाली 'रश्श्यासाठी उत्तम'.



"अशक्य," आत्या म्हणाली. तिने ग्लास हुंगला. "आहे की ट्रफल!" मग तिने बाटली हुंगली, टेबल हुंगलं, बाबाची बाही हुंगली. बाबाने मोजा उचलून नाकाला लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "ताई, मोज्यालाही ट्रफल आहे!"

"दे इकडे!" आणि आत्याने मोजा हिसकावून त्यात तोंड घातलं.

मला वाटतं तेव्हाच आजोबांना शिंक आली. ती त्यांनी सकाळपासून अडवून धरली होती, त्यामुळे ती चांगलीच मोठी होती. त्यांनी घाईघाईने कोटाच्या खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालातून एक काळं, खडबडीत, अंड्याएवढं ढेकूळ बाहेर पडलं, टेबलावर टणटणलं, ग्लासांमधून घरंगळत गेलं आणि आत्याच्या बुचाला टेकून थांबलं.

सकाळी पिस्तूने शोधलेलं ट्रफल. आजोबा ते खिशात टाकून विसरून गेले होते, शेगडीपाशी ते तापत होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

पिस्तू खुर्चीवरून टेबलावर आला, ट्रफल गिळलं आणि चीजसाठी सगळ्यांकडे बघितलं.

"बाबा," आत्या अगदी हळू म्हणाली, "खिशात एवढं ट्रफल, आणि तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीय," आजोबा म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सर्दीच आहे, सोलांज."

"सर्दी! या वयात सर्दी निमित्त असतं. मी उद्या फाब्रेगला फोन करते. हे बूच आता..."

"आत्या, थांब," मी म्हणाले. मोजा निघाला होता, आता मी बोलू शकत होते, आणि सकाळपासूनचं साठलेलं होतं. "सापळ्यावर बूच ठेवलं की मत गेलं. तुझंही गेलं. बाबाचंही गेलं. फाब्रेग साहेबांना बोलवायचा ठराव करायलासुद्धा मत लागतं. या खोलीत आत्ता कोणाकडे मत आहे? पिस्तूकडे आणि माझ्याकडे. वास हवेत आहे हे आम्हा दोघांनाच कळलं."

"तू अजून घोट घेऊ शकत नाहीस," बाबा म्हणाला. "जिभेवर घेतल्याशिवाय मत देता येत नाही."

"म्हणून मी माझी जीभ नेमते. आजोबा."

"ज्यांना वास येत नाही ते?" आत्या हसली.

"वास माझा. बाकीचं त्यांचं. घे ना परीक्षा, घाबरतेस कशाला?"

आत्याला 'घाबरतेस' म्हटलं की ती काहीही करते. तिने खिडक्या उघडल्या, मिस्त्रालने दोन मिनिटांत खोली धुऊन काढली (आणि बाबाचे कागदही नेले), मग आजोबांच्या डोळ्यांवर तिने तोच मोजा बांधला. एक ग्लास दिला. आजोबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, थुंकला.

"ही हिरड्यांना चावते. जिभेच्या कडा आवळते. तुझी आहे."

आत्याने दुसरा ग्लास दिला.

"ही घशात शेकोटी पेटवते आणि मग नुसती बसून राहते. तियेरीची."

"बसून राहते म्हणजे काय?" बाबा म्हणाला.

आत्याने तिसरा ग्लास दिला. आजोबांनी घोट घेतला, आणि मोज्याखाली त्यांच्या मिशा हलल्या.

"ही पुन्हा तुझीच. बापाला फसवतेस, सोलांज?"

आत्याने सोलाणं उचललं, दुसरं बाबाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल, बटाटे."

"म्हणजे फाब्रेग साहेबांना फोन..."

"बटाटे म्हटलं ना मी!"

मग आम्ही दोघं बसलो, मी आणि आजोबा, मापाची उंच नळी घेऊन. मी हुंगायचे, ते चाखायचे. मी म्हणायचे, "आधी चेरी येते, पण मागे कोणीच नाही, दार उघडं राहिल्यासारखं." ते म्हणायचे, "मधे पोकळ आहे, बरोबर." स्वयंपाकघरातून ओरडा येत होता: "सात भाग!" "चार! चारच्या वर गेलात तर मी ग्रनाशच्या टाकीत बटाटे टाकीन!" आम्ही दार लावून घेतलं. शेवटी मीच म्हणाले की मूरवेद्र वाढवून बघू. आजोबा नको म्हणाले, स्वतःचंच द्राक्ष कसं वाढवायचं, बरं दिसत नाही. मी त्यांना न विचारता ओतलं. पाच भाग बाबाचे, तीन आत्याचे, दोन आजोबांचे. मी हुंगलं आणि बराच वेळ काही बोलले नाही. माझ्यासाठी हे काय आहे ते माझ्या शाळेत कोणालाही विचारा.

आजोबांनी घोट घेतला. "बंद झालं दार," ते म्हणाले.

आत्या सोलाणं हातात घेऊनच आली, मागे बाबा, दोघांच्या बाह्यांना सालं चिकटलेली.

"कोणाचं जास्त आहे?"

"आधी चाख," मी म्हणाले.

तिने ग्लास उजेडात धरला, फिरवला, हुंगला. वाकून टेबलाखाली बघितलं, पिस्तू आहे का म्हणून. पुन्हा हुंगलं. घोट घेतला आणि गालांत खळखळवत खिडकीबाहेर बघत राहिली. बाबाने बादली उचलून तिच्यापुढे धरली, अगदी हनुवटीखाली.

आत्याने गिळली.

"ताई!" बाबा ओरडला. "तू गिळलीस!"

"बादली वेळेवर धरली नाहीस म्हणून," आत्या म्हणाली, आणि ग्लास माझ्यापुढे केला. "बघत काय बसलीस? ओत."